सैतानाचीं टोपणनांवें : तिकडचीं आणि इकडचीं

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजण दचकले असतील. तिन्हीसांज झालेली, देवापाशीं नुकताच दिवा लागलेला, आणि अशा वेळीं हा मास्तर खुशाल सैतानाचें नांव घेतो! माझी आजी हयात असती तर तिनें एव्हांना यंत्राचा कान पिळून माझें तोंड बंद केलें असतें. कल्याणच्या आमच्या जुन्या घरीं तिचा दंडकच होता कीं, दिवेलागणीनंतर दोन नांवें उच्चारावयाचीं नाहींत; एक सापाचें आणि दुसरें भुताचें. सापाला ती 'लांबडें' म्हणे आणि भुताला नुसतें 'बाहेरचें' म्हणे. आम्हां मुलांपैकीं कोणी चुकून खरें नांव उच्चारलेंच, तर ती डोळे वटारी आणि लगेच रामाचें नांव घ्यावयास लावी.

या दंडकाचा अर्थ मला पुढें मास्तरकी करूं लागल्यावर कळला, आणि तोहि एका इंग्रजी शब्दामुळें. मी मॅट्रिक झालेला मनुष्य. विद्वत्तेचा अधिकार मला नाहीं. पण कल्याण आणि डोंबिवली येथील मुलांना वर्षानुवर्षें इंग्रजी वाचावयास शिकविल्यामुळें शब्दांच्या मागें लागण्याची खोड मात्र जडली. एकदां एका गोष्टीच्या पुस्तकांत 'ओल्ड निक' हे दोन शब्द आले. मीं सांगितलें कीं, हा सैतान. त्यावर पुढच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "सर, मग त्याला 'म्हातारा निक' असें घरच्यासारखें कां म्हणतात? तो त्यांचा आजोबा आहे कां?" वर्ग हंसला, मीहि हंसलों; पण प्रश्न माझ्या डोक्यांत राहिला. त्या प्रश्नाचें उत्तर, उशिरां कां होईना, आज देण्याचा विचार आहे.

प्रथम तिकडचीं नांवें पाहूं. ख्रिस्ती धर्मांत सैतान हा थट्टेचा विषय नव्हे. तो ईश्वराचा वैरी, मनुष्याला पापांत ओढणारा आणि नरकाचा धनी. मध्ययुगांत युरोपांतील देवळांच्या भिंतींवर त्याचीं भयंकर चित्रें काढलेलीं असत. असें असूनहि इंग्लंड व स्कॉटलंड येथील सामान्य लोकांनीं त्याला जीं नांवें दिलीं, तीं एखाद्या खोडकर शेजाऱ्याचीं वाटावीं अशीं आहेत. 'ओल्ड निक', 'ओल्ड हॅरी', 'ओल्ड स्क्रॅच', 'ओल्ड गूजबेरी', आणि सर्वांवर कडी म्हणजे 'ओल्ड जंटलमन', अर्थात् म्हातारे सद्गृहस्थ! निक हें निकोलसचें घरगुती रूप आणि हॅरी हें हेन्रीचें. आपल्याकडे एखाद्या राक्षसाला 'म्हातारा बाळू' किंवा 'म्हातारा पांडू' म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार.

या नांवांच्या कुळकथा मोठ्या मौजेच्या आहेत. 'ओल्ड निक' हें नांव सतराव्या शतकापासून इंग्रजींत आढळतें. इटलींतील राजनीतिज्ञ निकोलो मॅकियाव्हेली हा १५२७ सालीं वारला. त्याच्या ग्रंथांविषयीं इंग्रजांच्या मनांत इतका तिटकारा होता कीं, सॅम्युएल बटलर यानें आपल्या 'ह्युडिब्रास' या विडंबनकाव्यांत सैतानाला हें नांव मॅकियाव्हेलीवरूनच पडलें असा विनोद केला. भाषापंडितांना ही व्युत्पत्ति मान्य नाहीं; पण पंडितांच्या मान्यतेवांचून विनोदाचें कांहीं अडत नाहीं. 'ओल्ड स्क्रॅच' या नांवाचा अर्थ मुलें 'ओरखडे काढणारा' असा करितात. वस्तुतः तो शब्द नॉर्स भाषेंतील एका पिशाचवाचक शब्दाचा अपभ्रंश आहे. नॉर्वे-डेन्मार्ककडून दर्यावर्दी लोक इंग्लंडांत आले, त्यांच्याबरोबर त्यांचें भूतहि आलें, आणि मागाहून तें ख्रिस्ती सैतानाच्या अंगांत शिरलें. स्कॉटलंडांत याच गृहस्थाला 'ऑल्ड हॉर्नी' म्हणजे म्हातारे शिंगवाले, आणि 'ऑल्ड क्लूटी' म्हणजे म्हातारे खुरवाले, असें म्हणत. रॉबर्ट बर्न्स या शेतकरी कवीनें १७८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका कवितेंत सैतानाला या नांवांनीं हाक मारून त्याच्याशीं समोरासमोर गप्पा केल्या आहेत. त्याच्या साऱ्या खोड्या मोजून दाखविल्या आहेत. आणि अखेरीस, अजूनहि तूं सुधारशील तर बरें होईल, अशी सदिच्छाहि व्यक्त केली आहे. सैतान सुधारावा अशी इच्छा धरणारा भक्त कोणत्याहि धर्मपीठाला परवडणारा नव्हे. पण शेतकऱ्याच्या अंगणांत तो शोभून दिसतो.

आणखी दोन शब्द सांगून हें प्रकरण आटोपतों. इंग्रज मनुष्य वैतागला म्हणजे 'व्हॉट द ड्यूस' किंवा 'व्हॉट द डिकन्स' असें म्हणे. दोन्ही ठिकाणीं बोलावयाचें असे सैतानाविषयींच. पण त्याचें खरें नांव टाळून. 'ड्यूस' हा बहुधा जुगाऱ्यांचा शब्द. दोन फांसे टाकले आणि दोनच पडले, तर त्याहून वाईट दान नाहीं. त्या दुर्दैवी दानाचें नांव सैतानाला चिकटलें. 'डिकन्स' हा शब्द प्रसिद्ध कादंबरीकारावरून आला असें माझे पुष्कळ विद्यार्थी समजत. परंतु कादंबरीकार डिकन्स जन्मला १८१२ सालीं, आणि हा उद्गार शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्ज ऑफ विंडसर' या नाटकांत आहे. शेक्सपिअर वारला १६१६ सालीं. हें १६१६ साल आपण ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां अशीं नांवें लोक कां ठेवितात? माझ्या मतें याला कारणें दोन. पहिलें कारण भीति. नांव घेतलें कीं नांवाचा धनी हजर होतो, ही समजूत जगाच्या पाठीवर सर्वत्र आहे. म्हणून खरें नांव टाळावयाचें आणि आडनांवानें काम भागवावयाचें. 'सैतानाचें नांव काढा, कीं तो आलाच' अशा अर्थाची इंग्रजींत म्हणच आहे, आणि ज्याच्याविषयीं बोलत असावें तो मनुष्य दारांत उभा राहिला म्हणजे इंग्रज ती म्हण उच्चारतो. येथें आपल्या मराठी स्वभावाची तारीफ केल्यावांचून राहवत नाहीं. अगदीं त्याच प्रसंगीं आपण काय म्हणतों? "शंभर वर्षें आयुष्य आहे हो तुम्हांला!" प्रसंग एक, परंतु तिकडे पाहुण्याच्या कपाळीं सैतानाची उपमा, तर इकडे आशीर्वाद.

दुसरें कारण थट्टा. ज्याला हंसतां येतें त्याची भीति अर्धी होते. ज्याला आपण 'म्हातारा' म्हटलें त्याची कंबर वांकली, दांत पडले, तो आतां कोणाचें काय करणार? 'ओल्ड' या एका विशेषणानें इंग्रजांच्या आज्यांनीं नरकाच्या धन्याला ओसरीवर आणून बसविलें.

मग मराठी आज्या स्वस्थ बसल्या होत्या काय? मुळींच नाहीं. इंग्रज नांवाच्या आधीं 'ओल्ड' लावितो, आपण नांवाच्या मागें 'बा', 'बुवा', 'बाई' आणि 'आई' लावितों. एवढाच काय तो फरक. पाहा, म्हसोबा, वाघोबा, बागुलबुवा, सटवाई, मरीआई, अक्काबाई! यांपैकीं एकहि नांव प्रेमाच्या मनुष्याचें नाहीं; प्रत्येक नांवामागें धडकी आहे. रानांत ढोरें फाडणाऱ्या जनावराला आपण 'बा' म्हटलें, आणि ठाणें जिल्ह्याच्या जंगलपट्टींतील वारली लोकांनीं तर त्याला देव मानून त्याच्या पाषाणाला शेंदूर लाविला. मुलांना भेडसावणारा जो बागुल, त्याला आपण 'बुवा' ही साधुसंतांची पदवी दिली. पटकीच्या सांथींत गांवेंच्या गांवें ओस पडत, तिला आपण 'आई' म्हटलें. ठाणें-कल्याणच्या परिसरांत जरीमरीचीं देवळें आजहि उभीं आहेत. अंगभर फोड उठवून माणसाचे डोळे घेणारा रोग, त्याचें नांव 'देवी'. विनोद असा कीं, त्या रोगावरची लस टोंचणें यालाहि लोक 'देवी काढणें' म्हणूं लागले. हिंदुस्थानांतून ती देवी १९७५ सालीं कायमची निघून गेली, आणि १९८० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें साऱ्या जगांतून ती गेल्याचें जाहीर केलें. रोग गेला, दंडावरचे वण मात्र माझ्या पिढीच्या अंगावर राहिले आणि शब्द भाषेंत राहिला.

या सर्वांत मला विशेष आवडणारें नांव अक्काबाईचें. लक्ष्मीची थोरली बहीण ती अलक्ष्मी. ती घरांत शिरली कीं दारिद्र्य, भांडणें आणि अवकळा. पण तिला अवदसा म्हणून हांकलून देण्याऐवजीं मराठी बायकांनीं तिला 'अक्का' केलें, आणि घर बसलें म्हणजे 'अक्काबाईचा फेरा आला' असें म्हणूं लागल्या. जशी एखादी कजाग नणंद चार दिवस राहावयास यावी आणि जावी! 'फेरा' या शब्दांत ती जाणार आहे ही आशाहि ठेवलेली आहे. तशीच दुसरी एक म्हण आहे: 'म्हसोबाला नव्हती बायको आणि सटवाईला नव्हता नवरा.' ज्यांच्या नांवानें गांव थरथर कांपे, त्या दोघांचें लग्न जुळवून देण्याइतका धीटपणा आपल्या लोकांच्या अंगीं होता. आणि भुताची खरी मेख कोठें आहे तें सांगणारी म्हणहि आपल्यापाशीं आहेच: 'भित्यापाठीं ब्रह्मराक्षस'.

येथपर्यंत तिकडचें आणि इकडचें सारखेंच झालें. आतां भेद सांगतों. तिकडे सैतान एक आणि त्याचीं नांवें अनेक. आपल्याकडे नांवें अनेक आणि भुतेंहि तितकींच. भुतांचा एक गांवच वसलेला. या गांवाची शिरगणती कोणीं केली हें सांगितलें पाहिजे, कारण तें श्रेय आमच्या व्यवसायबंधूंचें आहे. कॅप्टन मोल्सवर्थ यानें आपल्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशांत आणि १८५७ सालच्या वाढविलेल्या आवृत्तींत आपल्या भुतांना उदारपणें जागा दिली होती. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं आर्थर जॅक्सन या संस्कृतज्ञ मुलकी अधिकाऱ्यानें लोकसमजुतींविषयीं एक प्रश्नावलि तयार केली. ती खेडोपाडींच्या शाळामास्तरांकडे गेली, आणि मास्तरांनीं आपापल्या गांवचीं भुतें, नवस, उतारे, शकुन हे सर्व लिहून पाठविलें. ठाणें जिल्ह्यांतील मास्तरहि त्यांत होते. त्या माहितीवरून 'फोकलोर ऑफ द कोंकण' हें पुस्तक एंथोव्हेन यानें सिद्ध केलें व तें १९१५ सालीं बाहेर पडलें. पानाच्या तळाशीं बारीक टाइपांत केवळ 'शाळामास्तर, अमुक गांव' एवढाच उल्लेख. मास्तराचें नांव बहुतेक ठिकाणीं नाहीं. भुतांचीं नांवें छापलीं गेलीं आणि तीं टिपणाऱ्यांचीं राहून गेलीं, याचें मला नेहमीं वाईट वाटतें.

त्या मास्तरांनीं लिहून ठेविलेला भुतांचा गांव कसा आहे? मुंज होऊन सोडमुंजीपूर्वीं वारलेला ब्राह्मणाचा मुलगा तो मुंजा. त्याचा मुक्काम पिंपळावर. विद्येचा ताठा मिरवीत मेलेला पंडित तो ब्रह्मग्रह. वासना अडकून राहिलेला तो समंध. ब्राह्मणेतरांपैकीं लग्न होऊन मेलेला तो देवचार, आणि लग्नापूर्वीं मेलेला तो चेडा. पाण्यांत बुडून किंवा कोणाच्या हातून मारला गेलेला तो गिऱ्हा. रात्रीं पाणवठ्यावर तो वाटसरूंना फसवितो. खवीस हा अरबी शब्दावरून आलेला, म्हणून भूतहि मुसलमानाचें मानलें गेलें. बायकांच्या बाजूस, सवाष्ण मेलेली ती जखीण, विधवा ती लांव, आणि बाळंतपणांत गेलेली ती हडळ. गांवोगांव या व्याख्यांत थोडाफार फरक आहे; परंतु सांचा हाच. आणि या सर्वांवर राजा वेताळ, अमावास्येच्या रात्रीं दिवट्यांसह फिरणारा.

श्रोतेहो, ही यादी मीं प्रथम वाचली तेव्हां मला हंसूं आलें. दुसऱ्यांदा वाचली तेव्हां हंसूं आलें नाहीं. एक तर मेल्यावरहि जात सुटत नाहीं, आणि बाईला तर नवरा होता कीं नव्हता ही चौकशी स्मशानापलीकडेहि चुकत नाहीं. दुसरें असें कीं, या यादींतले बहुतेक कोण? अकालीं गेलेला मुंजीचा पोर, लग्नावांचून राहिलेला तरुण, खाडींत बुडालेला खलाशी, बाळंतपणांत दगावलेली पोरसवदा सून. इंग्रजांचा 'ओल्ड निक' हा कोणाचाच कोणी नव्हे. आपलीं भुतें मात्र कोणाचीं ना कोणाचीं लेकरें होतीं. जन्ममृत्यूचीं दफ्तरें सरकारनें ठेवण्यापूर्वीं, ज्यांचा जीव अपुरा राहिला त्यांची ही नोंदवही लोकांनींच ठेवली होती.

आतां त्या १६१६ सालाकडे वळूं. ठाणें शहर ज्या बेटावर आहे त्याचें नांव साष्टी. तें दीर्घकाळ पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें आणि १७३७ सालीं चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं तें जिंकलें. गोव्यांतहि एक साष्टी आहे, आणि तीहि पोर्तुगीजांचीच. त्या गोव्याच्या साष्टींत, रायतूर येथें, १६१६ सालीं म्हणजे शेक्सपिअर वारला त्याच सालीं, 'क्रिस्तपुराण' हा दहा हजारांहून अधिक ओव्यांचा मराठी ग्रंथ छापला गेला. कर्ता फादर स्टीफन्स. जातीचा इंग्रज, १५७९ सालीं गोव्यास आलेला. या इंग्रज जेझुइटानें मराठी भाषेवर इतकें प्रेम केलें कीं तें आमच्या पुष्कळ मराठी पदवीधरांना साधलेलें नाहीं. पण येशूची कथा मराठींत सांगावयाची तर सैतानाला मराठी नांव हवें. त्यानें उचललें तें 'देवचार'.

आणि येथें इतिहासाची मौज पाहा. गोव्यांत व सावंतवाडीकडे हिंदु घरांत देवचार हा आजहि राखणदार मानला जातो. खांद्यावर कांबळें, हातांत सोटा, रात्रीं गांवाच्या शिवेवरून फेरी घालणारा आणि वाट चुकलेल्याला घरीं पोंचविणारा असा तो म्हातारा. त्याला रोंट आणि विडी ठेवावयाची. त्याच गांवांत शेजारच्या ख्रिस्ती घरांत मात्र कोंकणींत 'देवचार' म्हणजे साक्षात् सैतान. शब्द एक, भिंतीच्या अलीकडे राखणदार आणि पलीकडे नरकाचा धनी. युरोपांतहि असेंच घडलें असावें. 'शिंगवाले' आणि 'खुरवाले' हीं नांवें ग्रीकांच्या पॅन या गुराख्यांच्या देवाची आठवण करून देतातच. जुन्या धर्मांतला देव नव्या धर्मांत भूत होतो. म्हणून दुसऱ्याच्या भुताला हंसण्यापूर्वीं तो पूर्वीं कोणाचा राखणदार होता याची चौकशी करावी.

अशी उलटापालट भुतांच्याच वाट्याला येते असें नाहीं, माणसांच्याहि येते. ज्या जॅक्सनची प्रश्नावलि मघां सांगितली तो पुढें नाशिकचा कलेक्टर झाला. बाबाराव सावरकरांच्या खटल्यामुळें क्रांतिकारकांचा त्याच्यावर रोष होता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत, 'शारदा' नाटकाच्या प्रसंगीं, अनंत कान्हेरे या तरुणानें त्याला गोळ्या घालून ठार केलें. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं दिलें. तो तुरुंग म्हणजे पोर्तुगीजांनीं बांधावयास घेतलेला आणि मराठ्यांनीं जिंकलेला जुना किल्लाच. आपल्या लोकसमजुती आपुलकीनें जमविणारा पंडित आणि परकी सत्तेचा कठोर हस्तक हा एकच मनुष्य होता. सरकारी दफ्तरांत जो खुनी, तो जनतेच्या मनांत हुतात्मा झाला. कोणाला कोणतें नांव मिळेल हें तें देणारा भिंतीच्या कोणत्या बाजूस उभा आहे यावर अवलंबून असतें.

हीं नांवें पुढें माणसांनाच चिकटलीं, आणि तेंहि बरेंच निरुपद्रवीपणें. तापट मनुष्य 'आग्यावेताळ'. धिप्पाड आणि घुम्या मनुष्य 'खवीस'. न्यायनीति गुंडाळून ठेवणारा कारभार 'झोटिंगशाही'. लग्न न जमलेला भाचा 'मुंजा'. हें सर्व हंसण्यावारी जातें. परंतु एका वळणावर थट्टा थांबते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला गांवानें 'चेटकीण' किंवा 'डाकीण' म्हटलें, तर तें टोपणनांव राहत नाहीं. तो निवाडा होतो. अशा निवाड्यापायीं बायकांना मारझोड झाली आहे, गांवांतून हांकलून दिलें आहे, आणि जीवहि गेले आहेत. या अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेन्द्र दाभोलकर यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला, आणि त्याच सालीं महाराष्ट्रांत तो कायदा झाला. अदृश्य भुताला माणसाचें नांव देणें यांत शहाणपण आहे. माणसाला भुताचें नांव देणें हा गुन्हा आहे. या दोहोंतला फरक मीं पुस्तकांतून शिकलों नाहीं. तो आजीनें शिकविला.

ती हकीकत सांगून संपवितों. माझी धाकटी आत्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. त्यांतच ती गेली. माझ्या जन्माच्या आधींची ही गोष्ट. पुढें आळींत बोलवा उठली कीं, आमच्या परसांतल्या चिंचेवर हडळ आहे. शेजारची मंडळी संध्याकाळनंतर तिकडून जाणें टाळी. आम्ही मुलेंहि टाळीत असूं. भाद्रपदांत पितृपक्ष येई, त्यांतली नवमी ती अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधीं गेलेल्या बायकांचा दिवस. त्या दिवशीं आजी तिन्हीसांजेला एक पणती घेऊन एकटी चिंचेखालीं जाई आणि आत्याला तिच्या लहानपणच्या लाडक्या नांवानें मोठ्यानें हाक मारी. सारी आळी ऐके. मी सात-आठ वर्षांचा असतांना धीर करून विचारलें, "आजी, दिवेलागणीनंतर भुताचं नांव घेऊं नये असं तूंच सांगतेस ना?" आजी पणतीची वात सारीत म्हणाली, "भूत त्यांचं असेल. माझी ती लेक आहे."

त्या परसांत आज चारमजली इमारत आहे. चिंच नाहीं, आळीहि ओळखूं येत नाहीं. डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत रात्रभर इतके दिवे जळतात कीं, वेताळाच्या स्वारीलाहि अंधार शोधीत शहापूर-मुरबाडकडे जावें लागेल. नव्या पिढीला गिऱ्हा आणि लांव हे शब्द ठाऊक नाहींत, आणि त्यासाठीं मी तिला दोष देत नाहीं. परंतु आपल्या घरांत कोणी वृद्ध माणसें असतील तर त्यांना हीं नांवें एकदां विचारून घ्यावीं, आणि त्या नांवामागें कोण होतें तेंहि विचारावें. जॅक्सनच्या प्रश्नावलींत हा दुसरा प्रश्न नव्हता.

राहतां राहिला पुढच्या बाकावरच्या त्या मुलाचा प्रश्न. तो आतां चांगला प्रौढ गृहस्थ झाला असेल आणि कदाचित् आज ऐकतहि असेल. बाळ, ओल्ड निक हा त्यांचा आजोबा नव्हता. पण भीति वाटली म्हणजे तिला घरांतलें नांव द्यावें, म्हणजे तिच्याशीं दोन शब्द बोलतां येतात, हें तिकडच्या आजीलाहि ठाऊक होतें आणि इकडच्याहि. त्या दिवशीं वर्गांत मीं तुझा प्रश्न हंसण्यावारी नेला, याबद्दल वाईट वाटतें.

माझा वेळ संपला.